आमची वाटचाल : पट्टे दुरुस्त करता करता

आम्ही सुरुवात केली ती बॅगांच्या दुरुस्तीने. कमरेचा पट्टा आलाच तर पंचाने एक भोक पाडून द्यायचं, झालं काम. माझा भागीदार म्हणायचा, "पट्टा कोण दुरुस्त करून घेतं? फेकतात नि नवा आणतात." मलाही तसंच वाटायचं.

मग एक गिऱ्हाईक वडिलांचा जुना पट्टा घेऊन आला. चामडं जाड, दणकट, फक्त कोरडं पडलेलं. मी उत्साहाने नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामडं मऊ करणारं तेल) चोपडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पुन्हा चोपडलं. पट्टा काळपट पडला आणि इतका लेचापेचा झाला की ओढला की भोकं लांबट व्हायची. चामड्यात मुरलेलं तेल काही पिळून काढता येत नाही. त्याने पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत.

तेव्हापासून तेलाची बाटली वरच्या फळीवर गेली. आता ओलसर फडक्यावर थोडा सॅडल सोप, म्हणजे चामडं साफ करायचा साबण, मग सावलीत सुकवणं, मग मेण आणि लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ) कंडिशनर वाटाण्याएवढं, तेही आधी आतल्या बाजूला लावून बघायचं. घाई झाली म्हणून हेअर ड्रायर मारायचा नाही. ओलं चामडं तापलं की आक्रसतं, कडक होतं, आणि ते पूर्ववत होत नाही.

पट्टा जातो तो बहुधा बकलापाशी. तिथे घडी घालता यावी म्हणून चामडं रापीने पातळ केलेलं असतं, वर बकलाचा काटा रोज घासतो. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडत जातात. आम्ही जुने टाके उसवतो आणि त्याच भोकांतून मेणाचा एकच दोरा दोन सुयांनी ओवतो, प्रत्येक भोकात दोन्हीकडून. एक टाका झिजून तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. घडीच चिरली असेल तर तेवढा तुकडा कापून बकल पुन्हा बसवतो. यात लांबी जाते, म्हणून आधी विचारतो, "रोज कितव्या भोकात लावता?" नुसता आखूड करायचा असला तरी बकलाकडूनच कापायचा; टोकाकडून कापला तर टोकाचा आकार जातो आणि भोकं टोकाला येतात.

भागीदाराशी खरं वाजलं ते पापुद्रे निघणाऱ्या पट्ट्यांवरून. चामड्याचा चुरा चिकटवून वर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, थर दिलेला माल, त्यावर सोनेरी अक्षरांत 'जेन्युइन लेदर'. त्याचं म्हणणं, आलेलं काम परत का पाठवायचं? काही दिवस आम्ही ते चिकटवून दिलेही. पण टाका घातला की त्या भोकांच्या रेषेवरच तो फाटतो. आता घेण्याआधी भोकाची कड भिंगातून बघतो : तंतू दिसले तर ठेवून घेतो, कागदासारखे थर दिसले तर परत.

कडांचं काम भागीदाराने स्वतःकडे घेतलंय. सँडपेपर, पाण्याचा हात, लाकडी दांडीने घासणं, शेवटी मधमाशीचं मेण. एका कडेला तो इतका वेळ लावतो की मी हिशेब करणं सोडून दिलंय.

पट्टा देताना आम्ही सांगतो, बकलाला धरून खुंटीवर सरळ लटकवा. तरी परत येतात ते गुंडाळून, वर रबर बँड लावून.