माणसांनी भरलेलं जुनं घर

शुक्रवार, दुपार

वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीचं दार आज खांद्याने रेटून उघडावं लागलं. सुट्ट्या लागल्या की सगळे इथेच येतात, तेव्हा झोपायला तीच खोली लागते. एरवी ती बंद असते. पुतण्या म्हणाला, "काकू, रंधा आणतो, कडेने थोडं तासून टाकतो." मी त्याला थांबवलं. दमट हवेत लाकूड फुगतं ते रुंदीत. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ वाढतच नाही. म्हणून दार वरखाली अडकत नाही, कुलपाच्या बाजूने अडकतं. आत्ता तासलं तर कोरडी हवा पडल्यावर फट राहील आणि ती बुजवायला पुन्हा पट्टी ठोकावी लागेल. त्याऐवजी खिडक्या सताड उघडल्या आणि दाराच्या कडेवर मेणबत्ती घासली. बंद खोलीतला ओलावा निघाला की दार आपण होऊन जागेवर येतं.

या दाराची जडणघडण मला दर वेळी नव्याने आवडते. मधल्या फळ्या चौकटीच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या आहेत, त्यांना ना खिळा ना सरस. लाकडाला फुगायला आणि आकसायला जागा हवी, हे करणाऱ्या सुताराला पक्कं ठाऊक होतं. खाचेत रंग साचून फळी चिकटून बसली की मग ती मधोमध तडकते. खालच्या एका दाराचं तसं झालं आहे. म्हणून यंदा रंगाचा डबा वर नेऊ दिला नाही.

खिडक्यांच्या काचा जुन्या आहेत, त्यांतून बाहेरचं झाड वाकडंतिकडं दिसतं. काच वर्षानुवर्षं खाली ओघळते आणि म्हणून जाडपातळ होते, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. ती तयार झाली तेव्हापासूनच अशी आहे, कारण तेव्हा काच फुंकून किंवा ओढून करत. वितळलेल्या कथलावर तरंगवून एकसारखी सपाट काच करायची पद्धत ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने जाहीर केली ती १९५९ साली. एखादी जुनी काच फुटली की तिच्या जागी नवी सपाट काच येते आणि तेवढा तुकडा वेगळा उठून दिसतो. मुलांना आधीच सांगून ठेवलंय, चेंडू अंगणात.

कपाटातले पिवळे, कुरकुरीत झालेले वर्तमानपत्राचे कागद काढून टाकले. त्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागदातलं आम्लही वाढत जातं. घडी घातलेल्या जुन्या कपड्यांखाली आता धुतलेलं सुती कापड अंथरलं.

शनिवार, रात्र

वायरमन येऊन गेला. सजावटीच्या माळांची सगळ्यांना काळजी वाटते, पण एलईडीची माळ मोजके वॉट घेते. खरा भार इस्त्रीचा आणि पाणी तापवण्याच्या भांड्याचा. त्यांतलं एकेक यंत्र हजार-दोन हजार वॉट ओढतं आणि माणसं वाढली की दोन्ही एकाच वेळी चालू होतात. वरच्या मजल्यावर लाकडी पट्टीवरची जुनी वायर थोडी उरली होती. तिचं रबर कडक होऊन बोट लावताच भुगा पडत होता. तेवढा भाग त्याने तोडून बंद केला. वर या सुट्ट्यांत फक्त दिवे आणि पंखे चालतील, इस्त्री खाली. फ्यूजमध्ये जाड तार घालून वेळ मारून नेण्याची सवय जुन्या घरांत फार असते. तसं केलं की फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापते. हे मी सगळ्या मोठ्यांना एकेक करून सांगणार आहे, त्यांना कंटाळा आला तरी.

रविवार, दुपार

काल रात्रीपर्यंत बहुतेक सगळे आले. जिन्यावर सतत पावलं, न्हाणीघरापुढे रांग, खुंट्यांवर जागा नाही. किती बरं वाटतंय!

आत्या वर गेल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "उघडलीस होय ही खोली? बरं केलंस. इथे आम्ही बहिणी ओळीने निजायचो. खिडकीकडची जागा धाकटीची, आणि त्यावरून रोज भांडण." मग त्यांनी भिंतीतला कोनाडा दाखवला. तिथे हात घातला की आतल्या बाजूला एक छोटा कप्पा लागतो. इतकी वर्षं इथे राहून मला तो माहीत नव्हता. ज्यांनी इथे लहानपण काढलं, त्यांना हे घर हाताने कळतं. त्यांच्यामागोमाग खोल्याखोल्यांतून हिंडणं हाच माझ्यासाठी सुट्टीतला सगळ्यात मोठा आनंद आहे.

माणसं आली की घराची हवाही बदलते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे खोलीत दहाजण गप्पा मारत बसले की एक लहान हीटर चालू असल्यासारखंच. श्वासातली वाफ असते, आंघोळीची असते, स्वयंपाकघरातली असते. जुन्या घरात छताजवळ झरोके असतात ते यासाठीच, गरम दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. आमच्याकडे डासांच्या नावाखाली त्यांतले काही पुठ्ठ्याने बंद केले होते. आज पुठ्ठे काढून जाळी लावली आणि काही वेळातच आरशावरचा दमटपणा गेला. आरशाच्या कडेला काळे डाग आहेत, मागच्या चांदीच्या थराला ओल लागल्याचे. म्हणून त्यावर थेट पाणी मारायचं नाही, फडका किंचित ओला करून पुसायचं आणि कडा कोरड्या ठेवायच्या.

लंबकाच्या घड्याळाला चावी देण्याचं काम काकांचं. ते आले की दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. आज त्यांनी पुतण्याला शेजारी उभं केलं. लंबकाच्या घड्याळाची कल्पना डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने १६५६ मध्ये प्रत्यक्षात आणली, आणि तेव्हापासूनची अडचण आजही तीच, दांडी तापली की लांबते आणि घड्याळ मागे पडतं. पितळी दांडी असेल तर तापमान १० अंशांनी वाढल्यावर दिवसाला जवळपास ८ सेकंद. घर माणसांनी भरलं की हे घड्याळ किंचित रेंगाळतं, हे काकांनी पूर्वीच हेरलं होतं. लंबकाच्या गोळ्याखाली एक छोटी चाकी असते. ती फिरवून गोळा जरासा वर घेतला की चाल वाढते. काकांनी ती पुतण्याला फिरवू दिली. आता तो दर तासाला फोनमधली वेळ आणि ठोके जुळवून बघतोय.

बुधवार, रात्र

जेवणाच्या मोठ्या मेजावर कुणीतरी तापलेलं भांडं ठेवलं आणि पांढरं वर्तुळ उमटलं. त्यावर जुनं लाखेचं पॉलिश आहे. उष्णता आणि वाफ लागली की ते पांढुरकं होतं आणि स्पिरिट सांडलं तर विरघळतंच. घासायला निघालेल्यांना थांबवलं. काही दिवस तसंच ठेवायचं, ओल आपोआप उडून गेली तर उत्तम. तोवर त्यावर सतरंजीची घडी. मेज वापरायचंच नाही, अशी सूचना आली. मला ती अजिबात पटली नाही. इतकी माणसं एका वेळी बसावीत म्हणूनच ते इतकं लांब केलेलं आहे.

खरी चर्चा झाली ती पुढच्या भिंतीवरून. खालच्या भागात ओल आहे, चुन्याचे पोपडे सुटतात. भाऊजींना सगळ्यांचा एकत्र फोटो तिथे काढायचा होता. ते म्हणाले, "वहिनी, एकदाच सिमेंटचा गिलावा मारून टाका. दर वर्षाची कटकट जाईल."

"भाऊजी, पण भिंतीतलं पाणी जाणार कुठे?" मी विचारलं.

ही गोष्ट मला मनापासून समजावून सांगावीशी वाटते, कारण जुनी घरं अशाच घाईच्या दुरुस्तीने खचतात. चुनखडी भट्टीत भाजतात तेव्हा तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तो चुना भिजवून भिंतीला लावला की हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून घेत तो पुन्हा चुनखडी बनतो. अशी भिंत सच्छिद्र राहते. जमिनीतून वर चढलेली ओल तिच्या पृष्ठभागावरून सुकते. पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंट १८२४ चं, जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याचं. ते मजबूत आहे, नव्या बांधकामात त्याला तोड नाही. पण चुन्याच्या भिंतीवर ते चढवलं की बाहेर यायचा रस्ता बंद होतो, आणि मग पाणी आणखी वर चढतं. क्षार साठतात, आतली वीट भुसभुशीत होते आणि कधीतरी सगळा गिलावा एका तुकड्यात सुटून येतो. चुन्याचे पोपडे पडतात ते आतली वीट वाचावी म्हणून. दर काही वर्षांनी ते काढून नवा हात द्यायचा असतो, एवढीच त्याची मागणी.

भाऊजींनी ऐकून घेतलं. मग ते मला घेऊन जिन्याखालच्या कोपऱ्यात गेले. तिथे पूर्वी कधीतरी सिमेंट लावलेलं आहे. त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज पोकळ आला. वर, जिथे सिमेंट संपतं तिथे, क्षारांची पांढरी रेघ आणि ओल. "म्हणजे ही इथून वर ढकलली गेलीय," ते स्वतःच म्हणाले. मग विजेरी घेऊन आम्ही दोघं बाहेर गेलो. अंगणातली फरशी घातली तेव्हा बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा वर गेली आहे आणि पन्हाळीचं पाणी नेमकं त्याच भिंतीशी पडतं. ओलीचं मूळ तिथे आहे.

फोटो त्या भिंतीपुढेच काढला, पोपड्यांसकट.

रविवार, संध्याकाळ

निम्मी मंडळी निघाली. पुतण्या अजून आहे. त्याने जवसाच्या तेलाने मागच्या खोलीचं दार पुसलं. तेलाचे फडके चोळामोळा करून टोपलीत टाकू नकोस, हे त्याला आधीच सांगितलं होतं. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, ढिगात ती उष्णता कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकतात. त्याने ते बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळत घातले.

दार आता एका हाताने लागतं. पण ते पुन्हा वर्षभर बंद ठेवायचं नाही, असं मी ठरवलं आहे. माझं लिहिण्याचं टेबल वर जाईल, रोज खिडकी उघडली जाईल. या दिवसांत घर इतकं निरोगी वाटतं त्यात सणाच्या उत्साहाचा वाटा आहेच, पण उघडी दारं, वाहती हवा आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी असणं यांचाही आहे, आणि ते सण नसतानाही करता येतं.

भाऊजी पुढच्या महिन्यात परत येणार आहेत. आधी पन्हाळीचं तोंड वळवायचं, मग भिंतीलगतची फरशी हातभर काढून तिथे खडी भरायची. जिन्याखालचं सिमेंट त्यानंतर, छिन्नीने, हळूहळू. चुना भिजत घालायला मोठं पिंप लागेल. ते माळ्यावर आहे असं आत्या म्हणतात.