पाचवं पाणी

आमच्या शेतीऔषधांच्या दुकानात सगळ्यात देखणा माल म्हणजे मोरचुदाचे निळे खडे. बाकीची औषधं बाटल्या-पाकिटांत, बारीक अक्षरांच्या लेबलामागं तोंड लपवून बसलेली. मोरचूदाचं पोतं उघडलं की कळकट कोपराही उजळतो. द्राक्षाची छाटणी उरकली, डाळिंबाची बाग विश्रांतीवर सोडली, की सोलापूरच्या मार्केट यार्डाच्या बाजूला जो तो मोरचूद आणि चुना मागत येतो. गिऱ्हाईक नसलं की मी पोत्यातून एखादा धड खडा शोधून काढतो. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली होती. दुकानात बसून तिचा उरलेला चैनीचा उपयोग एवढाच.

खडा उजेडात फिरवून बघावा. जाड्या मिठाचा खडा कसा चौकोनी, सरळमार्गी असतो. मोरचूदाची प्रत्येक कड तिरपी. एक बाजू दुसरीला काटकोनात म्हणून भेटत नाही. स्फटिकांच्या सात कुळांतलं हे सगळ्यात वाकडं कुळ, ट्रायक्लिनिक: तिन्ही बाजू वेगळ्या, तिन्ही कोन वेगळे. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही दोऱ्याला बारका खडा बांधून संपृक्त द्रावणात सोडायचो. घाईनं थंड केलं तर तळाला नुसता चुरा. बीकर खिडकीत ठेवून विसरून गेलो तर खडा आपसूक वाढायचा, आणि वाढायचा तो तिरपाच. त्याला कोण सांगत होतं कुठं वळायचं?

सांगणारी मांडणी आत असते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि पाच पाणी, म्हणजे पाण्याचे पाच रेणू, हे पाठ सगळ्यांनाच असतं. पण पाचही पाणी एका मानाची नाहीत. तांब्याच्या आयनाभोवती, म्हणजे विद्युतभारित अणूभोवती, चार पाणी चौकोनात, साधारण दोन अँगस्ट्रॉमवर बसतात (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). वर आणि खाली सल्फेटचा एकेक ऑक्सिजन, पण जरा हात राखून, २.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास. झाले सहा. तांब्याला सहाजण सारख्या अंतरावर मानवत नाहीत. याचं कारण यान आणि टेलर या दोघा शास्त्रज्ञांनी १९३७ साली मांडलं आणि तेव्हापासून ते पोरांच्या डोक्याला ताप झालंय. राहिलं पाचवं पाणी. त्याला तांब्याजवळ जागाच नाही. ते सल्फेट आणि बाकीच्या पाण्यांमध्ये हायड्रोजन बंधांनी, म्हणजे हायड्रोजनमार्फत लागणाऱ्या हलक्या ओढीनं, अडकलेलं. पंगतीत चार पानं मांडलेली आणि पाचवा वाढपी, अशी ही व्यवस्था.

आता हा खडा तापवा. साधारण ६३ अंशांना दोन पाणी उठतात, १०९ च्या सुमाराला आणखी दोन. पाचवं मात्र २०० अंशांपर्यंत हलत नाही. तांब्याशी थेट नातं नसलेलं पाणी शेवटपर्यंत टिकतं, हा परीक्षेतला लाडका प्रश्न, आणि उत्तर ‘हायड्रोजन बंध’ असं लिहिलं की मार्क मिळतात. पण मला ते उत्तर फार सोपं वाटतं. चौघे उठून जाताना आतली बैठकच नव्यानं जुळते आणि उरलेलं एकुलतं पाणी दोन तांब्यांच्या मध्ये जाऊन बसतं. पंगत उठल्यावर वाढपी पानावर बसला म्हणा ना. तेही पाणी गेलं की खडा पांढरा भुकटा होतो. निळा रंग एकट्या तांब्याचा नव्हताच. भोवती कोण बसलंय त्यावर तो ठरतो. भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला की ती गरम होत पुन्हा निळी होते, आणि द्रावणात अमोनिया वाढवत नेला तर पाण्याच्या जागी तो बसून असा गडद निळा रंग येतो, की आमच्या बॅचच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांवर अजून त्याचे डाग असतील.

या वाकड्या खड्याला इतिहासात मान मोठा. १९१२ साली म्युनिकमध्ये भौतिकशास्त्रज्ञ लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले, तो पहिला स्फटिक मोरचूदाचा होता. फोटोवर आतल्या मांडणीचे ओबडधोबड ठिपके उमटले. ठिपके नीटस यावेत म्हणून पुढं त्यांनी झिंक ब्लेंड हे जस्ताचं खनिज घेतलं. ब्रॅग बापलेकांनी लगेच मिठाची रचना उलगडली; मोरचूदाची कळायला १९३४ उजाडलं, बीव्हर्स आणि लिप्सन यांच्या हातून. आणि रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नर तर त्याहून धाडसी. क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता तेव्हा, १८९३ मध्ये, धातूभोवती सहाजण अष्टफलकाच्या, म्हणजे आठ बाजूंच्या आकृतीच्या, टोकांवर बसतात असं त्यानं सांगून टाकलं. हाताशी होतं काय? क्षारांचे रंग, द्रावणातून वीज किती वाहते, आणि सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर किती क्लोराइड खाली बसतं. १९१३ मध्ये नोबेल मिळालं.

आमच्या गिऱ्हाइकांचीही परीक्षा अशीच, न बघता आतलं ओळखण्याची. बोर्डो, म्हणजे वेलींवर फवारायचं बुरशीनाशक मिश्रण, करताना एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळा भिजवून शंभर लिटर पाण्यात एकत्र करतात. मग त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, पानं जळतील, आणखी चुना घाला. पहिल्यांदा हे मिश्रण फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर उडवलं होतं ते चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. त्या वेलींना केवडा हा बुरशीचा रोग लागत नाही हे मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते छापलं. नान्नजच्या द्राक्षबागाईतदाराला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, “चोरांवर औषध मारायची आयडिया आपल्याकडं बी चालंल.”

कोरड्या उन्हाळ्यात पोत्यातल्या वरच्या खड्यांचं पाणी थोडं थोडं सुटतं आणि त्यांच्यावर पांढुरकी पूड धरते. तो माल कुणी घेत नाही. परवा मोहोळकडच्या एका तात्यांनी पोतं पायानंच सरकवलं, “ह्ये नगं, ह्ये मेलंय.” मी म्हटलं, “तात्या, उलट आहे. निळ्या किलोत ३६० ग्रॅम पाणीच असतं. पांढरं पडलेलं जरा सुकलंय, त्यात किलोमागं तांबं जास्तच भरेल.”

तात्यांनी माझ्याकडं, मग काट्याकडं, मग परत माझ्याकडं बघितलं.

“म्हंजे काय वो मालक, इतकी वर्षं पाणी विकताय व्हय आमाला?”

मग निळ्याच पोत्यातला माल मोजून घेतला आणि बिलातून पाण्याचे पैसे वजा करायला लावले.