तुम्ही विचारलंत म्हणून: खुबा बदलल्यावर गाडी कधी?

"ताई, ऑपरेशननंतर किती दिवसांनी गाडी चालवायला लागलात?"

लिफ्टमध्ये, फिजिओथेरपीच्या बाकावर, परवा तर एका मुंजीच्या पंगतीत, हाच प्रश्न. विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे. कुणाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट असतं, कुणाच्या घरात दुसरं कुणी गाडी चालवत नसतं. आमच्याकडेही तसंच होतं. हे कधी गाडी शिकलेच नाहीत. माझी आई कळव्याला एकटी राहते आणि आठवड्यातून दोनदा ठाण्यातल्या वर्तकनगरहून तिच्याकडे जाणं, तिला डॉक्टरकडे नेणं-आणणं माझ्याकडे. त्यामुळे या प्रश्नामागची काळजी मला कळते.

आकडा हवा असेल तर आधी तो घ्या. उजवा खुबा, गिअरची गाडी, वय ५८. आठव्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात, नवव्यात रस्त्यावर, आणि घोडबंदर रोडला संध्याकाळच्या गर्दीत चौदाव्या आठवड्यात.

पण मला कुणीच विचारत नाही, की ऑपरेशनआधी गाडी कधी बंद केली होतीत. त्याचं उत्तर द्यायला मला आजही जड जातं. मी बंद केलीच नव्हती.

खुब्याचं दुखणं पुष्कळदा खुब्यात दुखत नाही, निदान सुरुवातीला तरी. माझं जांघेत दुखायचं आणि तिथून मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरायचं. वर्षभर मी गुडघ्याला तेल चोळलं. मोजे घालता येईनात, खाली बसून नखं कापता येईनात, तेव्हा कुठे खुब्याचा एक्स-रे निघाला. त्यात दिसलं की मांडीच्या हाडाचा बॉल आणि तो ज्यात फिरतो ती वाटी यांच्यामधली कूर्चा जवळजवळ संपलीय, हाडावर हाड घासतंय. ऑपरेशन करायचं ठरलं, पण घरातल्या अडचणींमुळे ते सात महिने लांबलं. ते सात महिने मी रोज गाडी चालवली.

कशी चालवली ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी आज तशीच चालवत असेल. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय न्यायचा तर मांडी थोडी उचलावी लागते आणि खुब्यातून वळवावी लागते. मला ती उचलता येत नव्हती. सिग्नल लांबून दिसला की मी उजव्या हाताने गुडघ्याच्या वर सलवार चिमटीत पकडायची आणि कापडासकट पाय ओढून ब्रेकवर ठेवायची. स्टिअरिंगवर तेवढा वेळ एकच हात. इतकी सवय झाली होती की सलवारीला त्या जागी कायमची चुणी पडली होती. धुऊन इस्त्री केली तरी ती जात नसे. हे मी कुणालाही सांगितलं नाही. यांना शेजारच्या सीटवर बसूनही दिसलं नाही, कारण मी ते फार सफाईने करत होते.

माजिवड्याच्या अलीकडे एकदा पुढची रिक्षा अचानक थांबली. हात सलवारीकडे गेला, पाय आला, पण उशिरा आला. रिक्षाच्या मागच्या पत्र्याला पोचा पडला. मागे बसलेली बाई पुढच्या दांडीवर आपटता आपटता वाचली. तिच्या मांडीवर लहान मूल होतं. रिक्षावाल्याने पैसे घेतले आणि तो गेला. त्या मुलाचं डोकं त्या दांडीपासून किती लांब होतं, हे मी अजून मनात मोजते. त्या दिवशी किल्ली ठेवायला हवी होती. मी ठेवली नाही. आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, हे कारण मी स्वतःला दिलं.

ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. पाय ब्रेकवर पोचायला अर्धा सेकंद जास्त लागला तर साडेपाच मीटर, म्हणजे जवळजवळ दोन रिक्षांची लांबी. ६० चा वेग असेल तर आठ मीटरच्या वर. घोडबंदर रोडला कंटेनरच्या मागे असताना अर्धा सेकंद म्हणजे काय, ते मग वेगळं सांगायला नको.

खुबा बदललेल्यांना यंत्रासमोर बसवून, ब्रेक मारायला किती वेळ लागतो ते परदेशात अनेकदा मोजलं गेलंय. बहुतेकांचा वेळ काही आठवड्यांत ऑपरेशनआधीच्या वेळेइतका होतो, आणि चार ते सहा आठवडे थांबा हा नेहमीचा सल्ला त्याला धरूनच आहे. सल्ला चांगला आहे. पण "ऑपरेशनआधीच्या वेळेइतका" हे शब्द मी ऐकले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ऑपरेशनआधी मी पाय हाताने उचलत होते. तिथवर परत येऊन मला काय करायचं होतं?

म्हणून सहाव्या आठवड्याच्या तपासणीत सर्जन म्हणाले, "आता गाडी चालवायला हरकत नाही," तेव्हा मी त्यांना सलवारीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग रस्त्यावर जायच्या आधी उभ्या गाडीत बसून बघा."

तसं बघितलं. आमच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. मी ड्रायव्हरच्या सीटवर, हे बाहेर खांबाला टेकून उभे. माझा पाय ॲक्सिलरेटरवर. यांनी मनाला येईल तेव्हा टाळी वाजवायची आणि मी पाय ब्रेकवर नेऊन पूर्ण दाबायचा. पहिल्या दिवशी वीस टाळ्यांत चार वेळा चप्पल ब्रेकच्या कडेला अडकली आणि एकदा पाय ब्रेकच्या खालीच गेला. दुखत काही नव्हतं. पाय कुठे आहे हेच पायाला कळत नव्हतं. आणखी एक झालं, पहिल्या टाळीला हात आपोआप सलवारीकडे गेला. खुबा नवीन होता, हात अजून जुनाच होता.

भाचा म्हणाला, "मावशी, डॉक्टर हो म्हणालेत ना, मग झालं की." त्याला लग्नाच्या खरेदीसाठी माझ्या गाडीतून जायचं होतं. मी नाही म्हटलं. रोज वीस टाळ्या, दोन आठवडे. चप्पल गेली, मागे पट्टा असलेले सँडल आले. मग सलग तीन दिवस एकही टाळी चुकली नाही आणि हात स्टिअरिंगवरच राहिला, तेव्हा किल्ली फिरवली.

डावा खुबा असेल तर गणित थोडं वेगळं. ब्रेक चांगल्या पायाकडे, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर डाव्या पायाला काही कामच नाही, त्यामुळे सर्जन लवकर परवानगी देऊ शकतात. गिअरची गाडी असेल तर मात्र क्लच आहे. कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात तेव्हा तो किती वेळा दाबावा लागतो, ते तिथे रोज अडकणाऱ्यांना विचारा.

गाडीत बसणं हाही एक धडा आहे, आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी लागतो. माझा छेद मागच्या बाजूने होता, म्हणून बारा आठवडे तीन गोष्टी बंद होत्या: खुबा काटकोनाहून जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं. यात चूक झाली तर बॉल वाटीतून निसटू शकतो. छोट्या गाडीची सीट खोल असते, गुडघे वर येतात आणि काटकोन सहज मोडतो. त्यामुळे सीट पूर्ण मागे, पाठ थोडी कललेली, बसायला घट्ट घडीची सोलापुरी चादर. गाडी फुटपाथला खेटून लावायची नाही, कारण फुटपाथवर उभं राहिलं की सीट आणखी खाली जाते. आधी सीटकडे पाठ करायची, ऑपरेशनचा पाय पुढे ठेवायचा, हाताने आधार घेत टेकायचं, मागे सरकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सरकणं सोपं जावं म्हणून चादरीवर प्लॅस्टिकची पिशवी घालतात. शेजारी बसताना ठीक आहे, पण स्वतः चालवताना ती काढून ठेवा, नाहीतर ब्रेक दाबताना तुम्हीच पुढे घसराल. आणि ब्रेकवर जाताना टाच टेकवून पाऊल आत फिरवायची जुनी सवय सोडावी लागली. पूर्ण पाय किंचित उचलून बाजूला ठेवायचा. फिजिओथेरपिस्टनी हे माझ्याकडून खुर्चीवर बसवून शेकडो वेळा करून घेतलं.

गोळ्यांबद्दल एवढंच, की जोरदार वेदनाशामकांनी गुंगी येते. त्या पूर्ण थांबल्याशिवाय किल्लीला हात लावू नका. आपल्या आजारामुळे गाडी चालवणं इतरांना धोक्याचं आहे हे माहीत असूनही चालवणं, हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ नुसार गुन्हा आहे. ते मला ऑपरेशननंतर कळलं. वाचताना मला त्या सात महिन्यांतला प्रत्येक सिग्नल आठवला.

नवव्या आठवड्यातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता मी निघाले. कॅडबरी जंक्शन, कोर्ट नाका, कळव्याचा पूल. हे शेजारी, एक शब्द न बोलता. पुलाच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं आणि गाडी थांबली. मला काही ठरवावं लागलं नाही, पाय आधीच ब्रेकवर होता. यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही स्टिअरिंगवर होते. खाडीवर भरती होती. आई गॅलरीत उभी होती, तिला आम्ही फोन केला नव्हता, तरी उभी होती.

तेव्हा माझ्याकडून आकडा घ्या, पण आधी आज रात्री घरातल्या घरात खुर्चीवर बसा आणि पाय उचलून वीतभर बाजूला ठेवून बघा. हाताची मदत लागली, किंवा दात आवळावे लागले, तर ऑपरेशनची तारीख काहीही असो, उद्यापासून गाडी दुसऱ्या कुणाला द्या. रिक्षा करा, बस धरा, भाच्याला बोलवा. आणि ऑपरेशन होऊन पाय तयार झाला, तुम्ही वर्तकनगरच्या आसपास राहत असाल, आणि घरात टाळी वाजवायला कुणी नसेल, तर आमच्या पार्किंगमध्ये या. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते.