एका फोनवर तीस मुलांचं वाचन कसं ऐकायचं

वर्गात तंत्रज्ञान म्हटलं की बहुतेकदा टीव्हीवर कवितेचा व्हिडिओ लागतो. मुलं तालावर म्हणतात, पण नजर चित्रावर असते, अक्षरावर नाही. दुसरी-तिसरीच्या वाचनासाठी माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट साध्या फोनमध्ये आधीपासूनच असते, ती म्हणजे आवाज रेकॉर्ड करायची सोय. शिक्षकाला एकेका मुलाचं वाचन शांतपणे ऐकायला वेळ मिळत नाही. ती अडचण इथे सुटते.

रोज पाच मुलं घ्या. एकाला तीन मिनिटं धरली तर पंधरा मिनिटांत काम होतं आणि सहा दिवसांत तीसचा वर्ग पूर्ण होतो. तेवढा वेळ बाकीच्यांना जोडीवाचन द्यावं. उतारा मुलानं आधी न वाचलेला, 70 ते 80 शब्दांचा हवा, म्हणजे चांगलं वाचणाऱ्यालाही मिनिटभर पुरतो. मराठीत मात्र नुसते शब्द मोजून भागत नाही. ‘घर’ हा एक शब्द आणि ‘घरासमोरच्यांनी’ हाही एकच. म्हणून दर महिन्याचे उतारे निवडताना एकूण अक्षरं साधारण सारखी आहेत ना, ते पाहा. नाहीतर उतारा बदलल्यामुळे पडलेला फरक मुलाच्या नावावर जमा होतो.

फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. बहुतेक फोनचा माइक खालच्या कडेला असतो. ती कड मुलाकडे करून फोन वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवा. थेट बाकावर ठेवला तर बोटानं ओळ दाखवतानाची प्रत्येक टकटक त्यात येते. पंखा बंद. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर त्या दिवशी नादच सोडा. रेकॉर्डिंगचा दर्जा 128 केबीपीएस ठेवला तरी एका मिनिटाची फाईल जेमतेम 1 एमबी होते, म्हणजे जागेची चिंता नाही. फाईलला लगेच हजेरी क्रमांक आणि तारीख द्या. संध्याकाळपर्यंत ‘रेकॉर्डिंग 14’ कुणाचं ते आठवत नाही.

ऐकताना उताऱ्याची छापील प्रत समोर ठेवून खुणा करा. गाळलेला शब्द, चुकीचा वाचलेला शब्द आणि तीन सेकंद अडून शेवटी तुम्ही सांगितलेला शब्द या चुका. मुलानं स्वतःच सुधारलं तर चूक नाही, पुन्हा वाचलं तरी नाही. मिनिटात 52 शब्द वाचले, 7 चुकले, तर नोंद 45. उतारा 50 सेकंदांतच संपला आणि 65 शब्द बरोबर असले तर 65 गुणिले 60 भागिले 50, म्हणजे 78. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 आणि तिसरीसाठी किमान 60 शब्द, तेही अर्थासह, अशी अपेक्षा आहे. ‘अर्थासह’ हा भाग विसरला की मुलं धावत सुटतात. म्हणून वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचाराच, त्यातला एक ‘का’ असा असू दे.

आकड्यापेक्षा खुणा जास्त सांगतात. मूल कुठे थांबतं ते नीट ऐका. ‘किती’मधली पहिली वेलांटी क-च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. ‘गर्दी’तला रफार दी-वर बसतो, पण उच्चारायचा दी-च्या आधी. डावीकडून उजवीकडे सरळ जाणारं मूल तिथे अडखळणारच. ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ होतं तेव्हा जोडाक्षर फोडलं जातंय. पण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं मूल चुकीचं वाचत नाही, ते घरच्या बोलीत वाचतंय. ती चूक धरू नका.

इथेच अ‍ॅपची मर्यादा कळते. 2019 मध्ये ‘बोलो’ नावानं आलेल्या गूगलच्या ‘रीड अलाँग’मध्ये पुढे मराठीही आली आणि सरावासाठी ते चांगलं आहे. पण चूक नेमकी कोणत्या प्रकारची, हे शिक्षकाच्याच कानाला कळतं. फोनवर बोलून टाइप करायची सोय तर तपासणीसाठी वापरूच नये. मूल ‘पुसतक’ म्हणालं तरी ती अंदाजानं ‘पुस्तक’ लिहून मोकळी होते.

नंतर मुलाला त्याचं वाचन ऐकवा, पण वीसच सेकंद, तेही पुस्तक उघडं ठेवून आणि बोट ओळीवर ठेवून. अक्षरं जुळवण्यात सगळं लक्ष गेलेलं असताना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही; नंतर ऐकताना मूल आपणहून म्हणतं, “इथे चुकलं.” एकच गोष्ट सुधारायला सांगा आणि तोच उतारा पुन्हा वाचून घ्या. तिसऱ्या वाचनाला फरक स्पष्ट जाणवतो. हे सगळ्या वर्गासमोर कधीही करू नका. अडखळत वाचणाऱ्या मुलाला एकदा वर्ग हसला की ते पुढे तोंड उघडत नाही.

उतारे स्वतः टाइप करत असाल तर ‘ऱ्य’कडे लक्ष द्या. ‘दऱ्या’ लिहायचं आणि ‘दर्या’ छापलं गेलं की डोंगराच्या वाक्यात समुद्र येतो आणि मूल बिचारं बरोबर वाचूनही गोंधळतं. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो. ल आणि श यांचा आकार पाठ्यपुस्तकाशी जुळतो का, तेही पाहा. काही फाँट हिंदी वळणाचे आकार दाखवतात. फाईलची भाषा मराठी निवडली की नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये ते बदलतात. उतारा छापूनच द्या. छोट्या पडद्यावर अनुस्वार निसटतो.

रेकॉर्डिंगसाठी पालकांची परवानगी आधी घ्या आणि फाईल व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. जूनचं पहिलं आणि त्या त्या महिन्याचं ताजं एवढीच रेकॉर्डिंग ठेवा. पालकसभेत ज्या त्या पालकाला ही दोन एकामागोमाग ऐकवा आणि वर्ष संपल्यावर तीही पुसून टाका.