तुम्ही विचारलंत म्हणून: घर एकच, मग एकटाच का बिघडला?

प्रश्न बहुतेक वेळा याच रूपात येतो. घरात वर्षानुवर्षं ओढाताण, आईबापांची धुसफूस, दोन भावंडं. थोरला शिकून मार्गी लागला, धाकट्याचं काहीच धड झालं नाही. ‘आईबाप तेच, हाल तेच. मग परिस्थितीला दोष कशाला?’ विचारणाऱ्याने निकाल आधीच लावलेला असतो: धाकटा मुळातच तसा. हा निकाल ऐकला की मला संताप येतो, कारण अनेकदा तो त्या धाकट्याच्या देखत सुनावला जातो आणि लहानपणापासून ऐकून ऐकून त्यालाही तो पटलेला असतो.

भावंडं एका घरात राहतात, म्हणून ती एकाच घरात वाढली असं होत नाही. संकट आलं तेव्हा एक चौदा वर्षांचा असतो, दुसरा चार. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९२९ नंतरच्या महामंदीत वाढलेल्या अमेरिकन मुलांच्या नोंदी तपासल्या. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधली मुलं १९२०-२१ साली जन्मलेली, शेजारच्या बर्कलीतली १९२८-२९ सालची. ओकलंडच्या मुलांचं अजाण वय मंदीआधीच सरलं होतं. घर अडचणीत आलं तेव्हा त्यांच्या वाट्याला कामं आली, बाहेर चार पैसे मिळवणं आलं, घराला आपली गरज आहे ही जाणीव आली. बर्कलीच्या मुलग्यांना तीच मंदी पार लहानपणी भोवली. किशोरवयात त्यांच्यात आत्मविश्वास कमी आणि अभ्यासातली पीछेहाट जास्त दिसली. तिथल्या मुलींना आईशी वाढलेल्या जवळिकीचा आधार मिळाला, मुलग्यांना चिडखोर झालेल्या बापाचा तडाखा.

पैशाची चणचण मुलापर्यंत पोचते ती मोठ्यांच्या वागण्यातून. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली शेती संकटात आली तेव्हा संशोधक रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांच्या अभ्यासातून ही साखळी मांडली: थकलेली देणी, त्यातून आईबापांची उदासी आणि चिडचिड, त्यातून आपसातली भांडणं, आणि मग मुलांशी तुटक किंवा कडक वागणं.

आता मिळकत थांबते तो काळ एकदा पूर्ण उलगडून सांगते. हे कुणा एका घराचं वर्णन नाही, पण क्रम साधारण असाच असतो.

मोठे ठरवतात, मुलांना कळू द्यायचं नाही. थोरल्याला दोन-चार दिवसांत कळतंच. फोनवरचं दबकं बोलणं त्याच्या कानावर पडतं, हप्त्याची तारीख जवळ आली की घरातली शांतता बदलते. एका रात्री आई त्याला जवळ बसवून सगळं सांगते, कारण तिलाही बोलायला कुणीतरी हवं असतं. त्याच्यावर ओझं पडतं, पण सोबत माहिती मिळते, काम मिळतं, आई मिळते.

धाकट्याला कुणीच काही सांगत नाही. त्याला फक्त बदल दिसतात. बाबा दिवसभर घरी असतात, पण खेळत नाहीत. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला उत्तर येतं. झोपायची वेळ रोज वेगळी. बंद दारामागे आवाज चढतात. त्या वयाचं मूल अशा गोष्टींचं कारण सहज स्वतःत शोधतं: मी पाणी सांडलं, म्हणून बाबा ओरडले, म्हणून आई रडली. मग ते पुन्हा पुन्हा खात्री करून घेऊ लागतं. पायाला चिकटतं, रात्री उठून बसतं, सुटलेली सवय परतून अंथरूण ओलं करतं, क्षुल्लक कारणावरून लोळण घेतं. दमलेल्या बापाला यात भीती दिसत नाही, हट्ट दिसतो. तो ओरडतो. मूल आणखी चिकटतं किंवा आता तेही हात उचलतं, आणि बापाचा हात सुटतो. काही महिन्यांत घरात एक वाक्य रुळतं: ‘थोरला समंजस, हा तापदायक.’ नातेवाईक ते उचलतात. शाळेत जाताना धाकटा ते वाक्य आणि ती सावधगिरी दोन्ही घेऊन जातो. बाईंचा आवाज जरा चढला की तो दचकतो किंवा अंगावर जातो, धड्यात लक्ष राहत नाही, आणि तक्रार घरी येते तेव्हा आधीच्या वाक्याला पुरावा मिळतो. पुढे मिळकत सुरू होते, देणी फिटतात. वाक्य तसंच राहतं.

त्या पहिल्या आठवड्यात धाकट्याला एवढं ऐकायला हवं होतं: ‘बाबांचं काम सुटलंय, म्हणून आम्ही काळजीत आहोत. तू काही चूक केली नाहीस. रात्री तुझ्याजवळ मीच झोपणार.’ शेवटचं आश्वासन हमखास पाळता येईल असंच निवडावं; ‘सगळं ठीक होईल’ हे कुणाच्या हातात नसतं. एकदा सांगून भागत नाही. मूल तोच प्रश्न पुन्हा विचारेल, तेच उत्तर त्याच शब्दांत द्यावं. भांडण मुलांसमोर पेटलं आणि आत जाऊन मिटलं, तर बाहेर येऊन सांगावं की मिटलं. मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या प्रयोगांत भांडण मिटल्याचं दिसलं की मुलांची अस्वस्थता बरीच कमी झाली. मिटणं डोळ्यांसमोर झालं नसलं तरी नंतर सांगितल्याचाही उपयोग झाला. ‘कुठे काय झालं?’ म्हणून झटकलं तर मुलाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास जातो. थोरल्याला घरकाम द्यावं, पण आईबापांमधला निरोप्या किंवा पंच करू नये. आणि घरात मारहाण होत असेल तर यातलं काही पुरत नाही. तिथे आधी मूल आणि मार खाणारं माणूस सुरक्षित जागी पोचायला हवं.

हे सांगताना माझं मलाच टोचतं. घेणेकरी दारात असताना आईबापांनी शांतपणे नेमके शब्द बोलावेत ही अपेक्षा म्हणजे दोष मुलावरून उचलून त्यांच्या माथी मारणं नाही का? अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स भागात १,४२० मुलांचा अभ्यास चालू असताना तिथल्या मूळनिवासी चेरोकी लोकांच्या प्रदेशात कॅसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा चेरोकी कुटुंबांना मिळू लागला. त्यामुळे जी कुटुंबं गरिबीतून बाहेर आली, त्यांच्या मुलांमधली उद्दामपणाची आणि आक्रमक वागण्याची लक्षणं कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली. यामागे मुख्यतः आईबापांचं मुलांकडे लक्ष राहू लागणं होतं. त्यासाठी त्यांना कुणी पालकत्वाचे धडे दिले नव्हते. पण उदासी आणि चिंता मात्र त्या पैशाने तशी हटली नाही. म्हणून मी ‘पैसा हवा’ म्हणणाऱ्यांच्याही पूर्ण बाजूची नाही आणि ‘माया पुरे’ म्हणणाऱ्यांच्या तर नाहीच.

स्वभावाचा वाटा असतो, हेही कबूल. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं घेतला. गरिबी, घरातलं भांडण, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटं एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश नीट उभी राहिली. त्यांतली बरीच तान्हेपणी हसरी, लाघवी होती, आणि जवळपास प्रत्येकाला निदान एक भरवशाचं मोठं माणूस मिळालं होतं. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. हसऱ्या बाळाला लोक सहज उचलून घेतात. किरकिरं बाळ खाली ठेवलं जातं, आणि नेमकी त्यालाच मांडीची जास्त गरज असते. याला बाळाचा गुण-अवगुण कसा म्हणायचा?

त्याच अभ्यासात किशोरवयात बिघडलेली बहुतेक मुलं चाळिशीपर्यंत सावरलेली दिसली. कुणी उशिरा शिक्षण घेतलं, कुणाला स्थिर जोडीदार मिळाला, कुणी सैन्यात गेलं. तेव्हा तुमच्या धाकट्यावरचा निकाल तिशीत लावून मोकळं होण्याची घाई कशाला?

आणि थोरला सुटला असं तरी कुणी सांगितलं? संशोधक जीन ब्रॉडी यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातल्या गरीब कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास केला. खडतर परिस्थितीतही जिद्दीने, स्वतःवर ताबा ठेवून वाढलेली मुलं एकोणिसाव्या वर्षी वागण्यात चांगली होती, मनानेही ठीक दिसत होती. पण रक्तदाब, ताणाची संप्रेरकं आणि वजन यांच्या मोजमापात त्यांच्याच शरीरावरची झीज जास्त निघाली. ज्याच्याकडे बोट दाखवून तुम्ही धाकट्याला हिणवता, त्या थोरल्याला शेवटचं कधी विचारलंत, झोप लागते का?