उसना श्वास

प्राचीन इस्राएलातल्या शेतकऱ्याचं वर्ष वाऱ्यावर चालायचं. पश्चिमेच्या समुद्रावरून वारा आला की पाऊस. पूर्वेच्या वाळवंटातून आला की उभं पीक करपलं. हा वारा दिसत नाही, बोलावून येत नाही आणि आला की काही जागचं ठेवत नाही. अशा माणसांनी देवाच्या सामर्थ्यालाही वाऱ्याचंच हिब्रू नाव दिलं, रूआह, यात नवल वाटत नाही. नाकातला श्वासही रूआहच.

जुनं वस्त्र टाकून नवं घालणारा आत्मा माझ्या कानांवर लहानपणापासून पडलेला, त्यामुळे इथे मी जरा अडखळतो. हा रूआह कुणाच्या मालकीचाच नाही. हिब्रू बायबलातलं १०४ वं स्तोत्र सांगतं, देवानं श्वास काढून घेतला की जीव मातीला मिळतात. पुन्हा पाठवला की नवे निर्माण होतात. सगळा उसनवारीचा मामला.

उसनं परतही मागितलं जातं. देवाचा रूआह पुढे राजा झालेल्या दावीदावर उतरला आणि शौल राजाला सोडून गेला. त्या जागी दुष्ट रूआह आला, तोही देवाकडूनच! सैतानावर ढकलून मोकळं व्हायची सोय त्या कथाकारानं घेतली नाही, हे मला फार आवडतं. आणि उतारा काय, तर त्याच दावीदाचं वीणावादन.

माझी लाडकी गोष्ट मात्र एल्दाद आणि मेदादची. रानात इस्राएलांचा पुढारी मोशे यानं सत्तर वडीलधाऱ्यांना दर्शनमंडपाभोवती, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूभोवती, उभं केलं आणि देवानं मोशेवरचाच थोडा रूआह त्यांना वाटला. हे दोघे छावणीतच राहिलेले. रूआहनं त्यांना तिथे गाठलं आणि तंबूंच्या गर्दीतच ते देवाचा संदेश बोलू लागले. मोशेचा सेवक यहोशवा चिडला, म्हणाला, यांना आवरा. मोशेचं म्हणणं, सगळ्याच लोकांवर असा रूआह आला तर किती बरं!

बरं, वाऱ्यालाच देव मानावं तर तेही नाही. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, ज्याच्या नावानं मलिदा करतात, त्या एलीया संदेष्ट्यासमोर होरेब पर्वतावर डोंगर फोडणारा वारा सुटला. देव त्यात नव्हता.

बायबलातल्याच ‘उपदेशक’ या पुस्तकाचा कर्ता तर याहून पुढचा. माणसाचा रूआह वर जातो आणि जनावराचा खाली मातीत, हे कुणाला ठाऊक, असं तो सरळ विचारतो. त्याच्या लेखी दोघांचा श्वास एकच. पुस्तकाच्या शेवटी श्वास देणाऱ्याकडे परत जातो असं म्हटलंय खरं, पण आधीचा प्रश्न कुणी खोडलेला नाही.