गरीब राहायच्या नियमांनीच श्रीमंत झालेले सिस्टर्शियन

कॅथलिक ऑर्डर, म्हणजे एकाच नियमाने राहणाऱ्या साधूंचा संघ, म्हटलं की बहुतेकांना जेझुइट आठवतात, शाळा-कॉलेजांमुळे, नाहीतर मग फ्रान्सिस्कन. मला मात्र सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात ते सिस्टर्शियन. या लोकांनी गरीब राहायचे नियम इतके कडक केले की त्याच नियमांनी त्यांना युरोपातल्या बड्या जमीनदारांच्या रांगेत नेऊन बसवलं.

सुरुवात १०९८ ची. फ्रान्समधल्या मोलेमच्या मठाचा मुख्य रॉबर्ट आपल्याच मठाला वैतागला होता. त्या काळी मठांमध्ये क्लुनी या फ्रान्समधल्या बड्या मठाचा दबदबा, म्हणजे प्रचंड चर्च, सोन्याची भांडी, तासन्‌तास चालणारी गायन-प्रार्थना आणि शेतात राबायला कुळं. हे मठ ज्या संत बेनेडिक्टचे नियम पाळायचे, त्याच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत तर लिहिलंय की साधूंनी स्वतःच्या हातांनी काम करावं. मग रॉबर्ट वीसेक जणांना घेऊन निघाला आणि दिजों शहराच्या दक्षिणेला सितो नावाच्या दलदलीच्या रानात जाऊन बसला, सिस्टर्शियन हे नाव या सितोवरूनच. पुढच्याच वर्षी पोपच्या आदेशाने त्याला परत मोलेमला जावं लागलं, म्हणजे संस्थापकच गायब! मागे राहिलेल्यांना आधी आल्बेरिकने आणि नंतर स्टीफन हार्डिंग नावाच्या इंग्रजाने सांभाळलं. माझ्या मते खरा कर्ता माणूस हा स्टीफन, पण नाव होतं ते बर्नार्डचं.

बर्नार्ड १११३ च्या सुमारास आला तो एकटा नाही, भाऊ-नातेवाईक-मित्र धरून तीसेक जण घेऊनच आला. दोनेक वर्षांत, पंचविशीतच, त्याला क्लेर्व्होला नवा मठ काढायला पाठवलं. माणूस जबरदस्त बोलायचा आणि लिहायचा, राजांना झापायचा, पोपनाही ऐकवायचा, आणि ११४५ मध्ये तर त्याचाच एक शिष्य युजीन तिसरा म्हणून पोप झाला. ११४६ ला व्हेझलेला भाषण करून याने दुसऱ्या क्रूसेडसाठी, म्हणजे मुसलमानांविरुद्धच्या धर्मयुद्धासाठी, लोक गोळा केले, ते क्रूसेड ११४८ ला दमास्कससमोर सपशेल फसलं आणि बोलणी बर्नार्डने खाल्ली. मौन पाळणाऱ्या ऑर्डरचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस युरोपातला सगळ्यात जास्त बोलणारा निघावा, हे मला फार मजेशीर वाटतं.

पण मुद्दा पैशाचा. सिस्टर्शियनांनी ठरवलं की दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चर्चला द्यायचा कर) घ्यायचा नाही, चर्चचं उत्पन्न नको, भाडं नको, कुळं नकोत, वस्तीपासून लांब राहायचं. ऐकायला हा सरळ त्याग वाटतो. पण दिवसाला सात-आठ वेळा प्रार्थना करणारा माणूस शेती कधी करणार? म्हणून त्यांनी ब्रदर लोकांची वेगळी फळी उभी केली, बहुतेक निरक्षर शेतकरी घरातले, दाढीवाले, व्रतं घेतलेले पण चर्चमध्ये बसायची जागा वेगळी आणि मठाचा मुख्य निवडताना मत नाही. हे लोक मठापासून दिवसभराच्या चालीत असलेल्या शेतवाड्यांवर राहून काम करायचे. त्यांना मजुरी नाही, पुढे वाटण्या करायला मुलंबाळं नाहीत. दान देणारे सरदारही खूश, कारण या साधूंना सुपीक जमीन द्यावीच लागायची नाही, माळरान, जंगल, दलदल काहीही चालायचं. त्यात ११३२ ला पोप इनोसंट दुसऱ्याने सांगितलं की हे स्वतः कसतात त्या जमिनीवर त्यांनी दशांश भरायचा नाही. म्हणजे जमीन फुकट, मजूर फुकट, आणि वर करमाफी. कमावलेलं उधळायला नियमाने बंदी, मग उरलेल्या पैशातून आणखी जमीन घ्यायची, दुसरं करणार काय!

इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा फाउंटन्स मठ बघा. ११३२ मध्ये यॉर्कच्या एका श्रीमंत मठातून भांडून निघालेल्या तेरा जणांनी सुरू केला तेव्हा डोक्यावर धड छप्पर नव्हतं, आणि शंभरेक वर्षांत तो लोकरीच्या धंद्यातलं मोठं नाव झाला. इटलीचे व्यापारी येऊन पुढच्या काही वर्षांच्या लोकरीचे पैसे आगाऊ देऊन जायचे. मग मेंढ्यांवर रोग आला, लोकर कमी निघाली, कर्ज चढलं आणि राजाला मठाच्या कारभारावर आपला माणूस बसवावा लागला. गरिबीचं व्रत घेतलेल्या मठाची ही दिवाळखोरी!

आणि एकांताचा नियमही वाटतो तेवढा निरुपद्रवी नव्हता. मिळालेल्या जमिनीवर गाव असेल तर काही ठिकाणी त्यांनी गावच उठवलं. बाराव्या शतकातला लेखक वॉल्टर मॅप यावरून त्यांना भयंकर टोमणे मारतो, की यांना ओसाड जागा सापडली नाही तर हे ती तयार करतात. तो त्यांचा हाडवैरी होता हे धरलं तरी यॉर्कशरमधली उठलेली गावं खोटी नाहीत.

त्यांच्या संघटनेला मात्र मी पूर्ण मार्क देईन. प्रत्येक मठ स्वतंत्र, पण ज्या मठातून तो निघाला त्याच्या मुख्याने वर्षातून एकदा येऊन तपासणी करायची, आणि दर सप्टेंबरला सगळे मुख्य सितोला जमणार. सितोची स्वतःची तपासणी कोण करणार? तर तिच्याच पहिल्या चार शाखांचे मुख्य. वरच्याला तपासायचा हक्क खालच्यांना, तोही बाराव्या शतकात! म्हणूनच बर्नार्ड ११५३ ला वारला तेव्हा पोर्तुगालपासून स्कँडिनेव्हियापर्यंत ३४० च्या आसपास मठ झाले होते आणि तरी ते एकाच शिस्तीत चालत होते. त्याच्या आदल्या वर्षी तर त्यांनीच 'आता नवे मठ बास' असा ठराव केला होता, जो अर्थात कुणी पाळला नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेने, बाकीच्या मठांनाही अशा सभा भरवायला सांगितलं आणि सुरुवातीला शिकवायला शेजारचे दोन सिस्टर्शियन बोलवा असंही सांगितलं. आज जवळपास प्रत्येक ऑर्डर आपली अशी सभा भरवते त्याचं मूळ इथे आहे.

पुढे व्हायचं तेच झालं, सुबत्ता आली आणि शिस्त सैलावली. सतराव्या शतकात रांसे नावाच्या माणसाने नॉर्मंडीतल्या ला त्राप मठात पुन्हा मौन, शाकाहार, अंगमेहनत सगळं कडक केलं. तिथून ट्रॅपिस्ट आले, जे १८९२ ला वेगळी ऑर्डर झाले. फ्रेंच राज्यक्रांतीत सितो विकलं गेलं, आणि बर्नार्डच्या क्लेर्व्होचा तर नेपोलियनच्या काळात तुरुंग झाला, तो २०२३ पर्यंत चालू होता.

ट्रॅपिस्ट आज जास्त ओळखले जातात ते बिअरसाठी, तेही स्वतः राबून खायच्या त्याच जुन्या नियमामुळे. बेल्जियममधल्या वेस्टव्लेटेरेनच्या बिअरला जगभरातून मागणी आहे, पण तिथले साधू मठ चालवण्यापुरतीच बनवतात, जास्त नाही. बिअर कमी म्हणून मागणी अजून वाढते, आणि ती बाहेर काळ्या बाजारात चढ्या भावाने विकली जाते त्याला ते बिचारे काय करणार.